मानवी परीक्षक

१० नोव्हेंबर, सकाळी सात

आजपासून रोज पाचला उठणार. आज सात झाले, पण आजचा दिवस धरायचा नाही, कारण संकल्प उठल्यानंतर केला.

बातमी मोठी आहे. सरकारी जागांच्या कार्यालयाने माझी नियमावली जशीच्या तशी स्वीकारली. शहरातल्या सरकारी खोल्यांमध्ये ज्या लहानसहान संस्था पिढ्यान्‌पिढ्या बसल्या आहेत, म्हणजे वाचनालयं, तालमी, शिवणवर्ग वगैरे, त्यांच्या दारावर कॅमेरे लागलेत. कोण येतं, किती येतं ते मशीन मोजणार आणि वापर नसेल तर खोली परत घ्या म्हणून सांगणार. मात्र एखाद्या माणसाने पाहिल्याशिवाय मशीनचा निर्णय अंमलात येणार नाही. हे कलम माझं. आणि तो माणूसही मीच. प्रा. प्रमोद बिलोलीकर, मानवी परीक्षक. कायद्याच्या प्राध्यापकाला स्वतःचा सिद्धांत स्वतःच राबवायला मिळावा, हे फार थोड्यांच्या नशिबात असतं. दारावरची पाटी बदलून घ्यायची.

माधवीला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे नेमकं करायचं काय. मी म्हणालो, विवेक वापरायचा. ती म्हणाली, घरूनच ना, मग गॅसवाला आला की दार उघडा.

पेपर: 'स्वयंचलित निर्णय आणि मानवी विवेक'. डिसेंबरअखेर पूर्ण. तळटीपा सगळ्या झाल्यात. आता फक्त वरचा मजकूर लिहायचा.

१५ नोव्हेंबर, रविवार

सुशीलाआत्या जेवायला आली. सोबत पिशवी. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, निवृत्त शिक्षिका. मला मराठी लिहायला तिनेच शिकवलं. सुलतान बाजारच्या एका गल्लीत सरकारी खोलीत मराठी वाचनालय चालवते. वाचक आता म्हातारे झाले, जिने उतरवत नाहीत, रस्ता ओलांडवत नाही. म्हणून आत्या सकाळी खाकी कापडाची पिशवी भरते आणि ऑटोने मलकपेठेपर्यंत घरोघर पुस्तकं पोचवते. वाचून झालेली उचलते, नवी देते, चहा पिते, कोण मेलं कोण बाळंत झालं ते ऐकते. याला त्या लोकांत 'पिशवी येणे' म्हणतात. आज पिशवी येणार म्हणून काही घरांत शेव तळून ठेवतात. गोड आहे, पण पद्धतशीर नाही.

तिच्याही दारावर कॅमेरा लागला. ती त्याला रोज नमस्कार करते, उगीच कुणाचा अपमान नको म्हणून. विचारत होती, पमू, हे काय मोजू लालंय रे? मी सांगितलं, चेहरे. ती म्हणाली, हौ, पण पुस्तकं मोजतंय का? मग मी तिला नीट समजावलं. माणूस काय वाचतो ही त्याची खासगी बाब आहे, मशीनने त्यात डोकावू नये, फक्त येणारा मोजावा. नागरिकाच्या हक्काचं रक्षण म्हणून हे मीच घातलं आहे. तिला पटलं असावं. कढी परत घेतली.

१८ नोव्हेंबर

परीक्षण सुरू. व्यवस्था देखणी आहे. पडद्यावर संस्थेचं नाव नाही, पत्ता नाही, चेहरे पुसट. फक्त क्रमांक, प्रकार आणि मशीनने काढलेला चार ओळींचा सारांश. आमच्या नियतकालिकांत लेखकाचं नाव झाकून लेख तपासतात, तीच रीत मी इथे आणली. नाव नाही म्हणजे नातं नाही, जात नाही, वशिला नाही.

खाली दोन बटणं. हिरवं 'सहमत', राखाडी 'असहमत'. असहमत व्हायचं तर कारण लिहावं लागतं. सहमतीला कारण लागत नाही, ते मशीनने दिलेलंच असतं. दीड मिनिटात निर्णय नोंदवून झाला नाही तर मौन म्हणजे संमती. हेही माझंच. सरकारी माणूस फाइलवर बसून राहतो, त्यावर जालीम उपाय.

पहिली एक तालीम. दिवसभरात दोन पैलवान, त्यातला एक झोपलेला. सहमत. मग एक शिवणवर्ग, कोणीच नाही. सहमत. चहा गार व्हायच्या आत बरंच हातावेगळं झालं. लोक उगीच म्हणतात की विवेकाला वेळ लागतो.

२४ नोव्हेंबर

पाचला उठलो होतो. पाणी प्यायला.

आज एक गमतीचं प्रकरण. वाचनालय. दिवसभरात एकच व्यक्ती, वयस्कर स्त्री, रोज तीच. भरलेली पिशवी घेऊन बाहेर पडते. वाचक शून्य. मशीन म्हणतं, खोली परत घ्यावी. दुसरा कोणी नुसतं बटण दाबून मोकळा झाला असता. शेरा लिहायची ऐच्छिक सोय आहे, ती कोणी वापरत नाही. मी वापरली. इंग्रजीत लिहिलं, मराठीत सांगायचं तर: 'सदर स्त्री संस्थेची पुस्तके बाहेर नेत असावी. खोलीसोबत पुस्तकांचीही चौकशी व्हावी.' पिशवी मशीनलाही दिसली होती, पण पिशवीचा अर्थ लावायला माणूसच लागतो. हे उदाहरण पेपरात घेणार.

संध्याकाळी आत्याला फोन करायचा होता, गुडघ्याचं विचारायला. राहून गेलं.

२ डिसेंबर

परीक्षकांची बैठक, अफझलगंजला. कार्यालयाचे प्रमुख शिवराजसाहेब. बिस्किटं चांगली होती. समाजशास्त्राच्या सुजाता मॅडम याही परीक्षक आहेत. त्यांनी क्रमांकावरून एक शिवणवर्ग शोधून काढला आणि चक्क तिथे जाऊन आल्या. म्हणाल्या, बायका मागच्या दाराने येतात आणि कॅमेरा पुढच्या दारावर आहे. मी म्हणालो, हा मुद्दा नियमावलीवर सूचना मागवल्या होत्या तेव्हा यायला हवा होता. मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बहुतेक मुद्दा पटला.

निघताना शिवराजसाहेबांनी बाजूला घेतलं. म्हणाले, प्रोफेसरसाब, आपका रेकॉर्ड देखा मैं, एक बी असहमत नै. मशीन आपकू भोत मानता. बरं वाटलं. कॉलेजात इतक्या वर्षांत असं कोणी बोललं नाही.

११ डिसेंबर

सुजाता मॅडमचा क्रमांक परीक्षकांच्या यादीत दिसत नाही. शिवराजसाहेबांना विचारलं. म्हणाले, कोणीही काढलेलं नाही. असहमती वाढली की व्यवस्था त्या परीक्षकाचं काम आपोआप कमी करते, आणि कमी होत होत ते संपतं. म्हणजे अन्याय असा कोणी केलाच नाही. त्यांची प्रकरणं माझ्याकडे वळवली आहेत. विश्वासाची पावती.

मॅडमना फोन करणार होतो. पण आमचे फोन कुठे मोजले जातात की काय कोण जाणे. त्यांनाच त्रास व्हायचा.

हिरवं बटण पूर्वीपेक्षा मोठं दिसतं. चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा.

१६ डिसेंबर

वाईट झालं. आत्याच्या वाचनालयाला सील. सकाळी ती पिशवी भरून निघाली, दुपारी परतली तर दारावर पट्टी आणि नवं कुलूप. सगळी पुस्तकं आत. बाहेर राहिली ती पिशवीतली आणि लोकांच्या घरातली. थेट आमच्याकडे आली. पाणी ठेवलं, प्यायली नाही. म्हणाली, पमू, तुझ्या कायद्यात हे बसतंय का बघ बरं.  

हे कुठल्यातरी बेजबाबदार परीक्षकाचं काम. असतात असे लोक, डोळे मिटून बटण दाबणारे. अशांमुळेच चांगल्या सिद्धांताला बट्टा लागतो. आत्याला शब्द दिला की वाचनालय परत मिळवून देईन. कायदा मीच लिहिलाय, मला कोण अडवणार.

ती गेल्यावर माधवीने विचारलं, शहरात असे परीक्षक आहेत तरी किती? मी म्हणालो, गोपनीय आहे. तिने विचारलं, तुमच्याकडे असं काही आलं होतं का? मी म्हणालो, निःपक्षपाती माणूस प्रकरणं डोक्यात ठेवत नाही. ती मेथी निवडत राहिली.

१९ डिसेंबर

आत्याला घेऊन अफझलगंजला, तक्रार खिडकीवर. कारकून भला माणूस. पडदा पाहून म्हणाला, अम्मा, इसमें अब क्या करना, कोई बड़े प्रोफेसरसाब खुद देखे बोलके है, ऊपर से शेरा बी लिखे. मी विचारलं, कोण प्रोफेसर. म्हणाला, नाम नै दिखता साब, आपके जैसेच कोई होंगे. पुनर्विचाराचा अर्ज भरून घेतला. शेरा उघडायला वरच्या साहेबाची परवानगी लागते, सोमवारी या म्हणाला.

कोण असेल? माझा संशय आमच्या एकनाथरावांवर. दिवाणी कायदा शिकवतात, उत्तरपत्रिका वजनावर तपासतात. पेपरात नवं प्रकरण घालायचं: 'परीक्षकाचे परीक्षण'. कोणाची भीड ठेवणार नाही.

२१ डिसेंबर

कारकुनाने शेरा त्याच्या भाषेत वाचून दाखवला. ये औरत किताबाँ बाहर लेके जारी, पूछताछ होना.

आत्या खिडकीपासून मागे सरकली. पदराने चेहरा पुसला. ऑटोत बसल्यावर म्हणाली, इतकी वर्षं लोकांच्या घरात आत चुलीपर्यंत गेले, पमू, कोणी पेला मोजून ठेवला नाही.

मूळ शेरा मी वाकून पाहिला होता. दोनच वाक्यं. इंग्रजी सफाईदार. लिहिणाऱ्याला भाषा येते एवढं मान्य करावं लागेल.

२२ डिसेंबर, पहाटे पाच

पाचला उठायचा संकल्प आज पार पडला. झोपलोच नव्हतो. हवा जड आहे.

२४ डिसेंबर

नियमावली पुन्हा वाचली. पुनर्विचाराचा अर्ज ज्याने आधी पाहिलं त्याच परीक्षकाकडे जातो. कोर्टातही पुनर्विचार त्याच न्यायाधीशापुढे चालतो, त्यावरून मी घेतलं होतं. तळटीपही आहे.

म्हणजे आत्याचा अर्ज योग्य हातीच येणार. एका अर्थी झालं ते बरंच झालं. दुसऱ्या कुणाकडे असता तर काय भरवसा. आला की सविस्तर, अभ्यासपूर्ण असहमती लिहायची. वाचनालयही वाचेल आणि असहमती कशी लिहावी याचा नमुनाही होईल.

एकच अडचण. तोवर मी यादीत टिकलो पाहिजे. आताच असहमत होत सुटलो तर माझी सुजाता मॅडम होईल आणि अर्ज भलत्याकडे जाईल. म्हणून तोवर सरसकट सहमत. हे धोरण आहे. भीती नाही. आत्याला इतक्यात काही सांगायचं नाही, आनंद एकदमच द्यावा.

आज चार तालमी. सहमत.

४ जानेवारी

शेऱ्यावरून चौकशी सुरू झाली. पिशवी जायची त्या सगळ्या घरांत मोबाइलवर संदेश गेलेत: सील केलेल्या संस्थेची पुस्तके जवळ असल्यास जमा करा, अन्यथा कारवाई. आत्या मलकपेठेत प्रमिलाकाकूंकडे गेली. काकूंनी दार अर्धवट उघडलं, पुस्तकं उंबऱ्याबाहेर ठेवली आणि चहाचं विचारलं नाही. जिन्यात कॅमेरा आहे म्हणाल्या. पुढच्या घरी कोणी दार उघडलंच नाही, आत टीव्हीचा आवाज येत होता. आत्या म्हणाली, माणसं वाईट नाहीत रे, भ्याली आहेत.

दुपारी तिच्या दारात कोणीतरी पुस्तकांचा गठ्ठा ठेवून गेलं. नाव न सांगता.

असहमतीचा मसुदा (हा मराठीत, आत्यालाही वाचता येईल): पहिला परिच्छेद झाला. 'पिशवी' या शब्दावर अडलोय. कायदेशीर लिखाणात पिशवी फार बारीक वाटते. 'फिरती वितरणव्यवस्था' बरं राहील.

१२ जानेवारी

आज एक तक्रार खिडकी आली. सारांश: येणारे नगण्य. एक वयस्कर स्त्री वारंवार, तिच्यासोबत अधूनमधून एक चष्मेवाला पुरुष. मशीन म्हणतं, खिडकी बंद करावी. धोरणाप्रमाणे सहमत.

पुरुष उगीच ओळखीचा वाटला. पण चेहरे पुसट असतात, त्यात काही अर्थ काढू नये.

१५ जानेवारी

आत्या अर्जाची चौकशी करायला गेली तर खिडकी बंद. कारकूनही नाही. शेजारच्या चहावाल्याने सांगितलं, उनकू घर भेज दिए अम्मा. कॅमेरा मात्र चालू होता. तिने नमस्कार केला नाही म्हणाली.

तिला सोडून परत आलो तेव्हा माधवी दारातच होती. म्हणाली, ते तुम्हीच ना? मी म्हणालो, काय? ती म्हणाली, शेरा. मी तिला सगळं धोरण समजावून सांगितलं. अर्ज माझ्याकडेच येणार, मी असहमत होणार, दीड मिनिटात सगळं सरळ. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, आत्याला आजच सांगा. मी म्हणालो, प्रकरण चालू असताना पक्षकाराशी बोलणं शिष्टसंमत नाही. ती म्हणाली, मग निदान एवढंच लिहा, ही बाई लोकांच्या घरी पुस्तकं नेऊन देते.

तिचा हेतू चांगला आहे. पण इतकं साधं कारण टिकत नाही.

तिळगूळ ताटलीत तसाच राहिला.

२५ जानेवारी

मसुदा अप्रतिम झालाय. अडचण एवढीच की कारणाच्या चौकोनात तयार मजकूर चिकटवता येत नाही. परीक्षकाचा विचार ताजा असावा म्हणून मीच बंद करवलं होतं. तेव्हा पाठ करतोय. कॉलेजात एकनाथरावांनी विचारलं, एकटेच काय पुटपुटता. पूर्वी त्यांच्यावर संशय घेतला याचं वाईट वाटलं. त्यांना यादीत कोणी घेतलंच नव्हतं.

आता यादीत माझ्याशिवाय एकच क्रमांक उरलाय. परवापर्यंत तीन होते.

आत्याच्या खोलीत नवं सामान येणार असं गल्लीत बोलतात. आत्या अजून रोज सकाळी पिशवी घेऊन निघते. कुठे जाते ते विचारलं नाही.

३ फेब्रुवारी, दुपारी

अर्ज सकाळी आला. क्रमांक तोच. वयस्कर स्त्री, पिशवी, खाली माझा शेरा. आत्याच्या अर्जातलं एकच वाक्य मशीनने सारांशात ठेवलं होतं: 'मी पुस्तके नेत नाही, पोचवते.'

मी शांत होतो. चष्मा पुसला. राखाडी बटण दाबलं, आयुष्यात पहिल्यांदा. चौकोन उघडला. 'प्रस्तुत प्रकरणी सर्वप्रथम हे नमूद करणे आवश्यक आहे की' इथपर्यंत लिहिलं. 'आवश्यक' जरा कारकुनी वाटलं, म्हणून 'अगत्याचे' केलं. मग वाटलं, सुरुवातीलाच आधीच्या शेऱ्याचा उल्लेख आला तर वाचणाऱ्याचा परीक्षकाबद्दल गैरसमज होईल. म्हणून वाक्य फिरवायला घेतलं. माधवीचं वाक्य आठवलं होतं. खरं तर तेच लिहिणार होतो. त्याला आधार कशाचा द्यायचा एवढंच ठरवत होतो.

पडद्यावर आलं: परीक्षक मौन. संमती गृहीत. निर्णय अंतिम.

लगेच पुढचं प्रकरण. बालवाडी. हाताला सवय झाली आहे.

नंतर शिवराजसाहेबांचा फोन. अभिनंदन केलं. सगळ्या शहरात असहमती शून्य असलेला मीच एकटा, त्यामुळे आता दुसऱ्या परीक्षकाची गरज उरलेली नाही म्हणाले. मी आभार मानले.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी

आत्या आली. बसली. तिच्या मोबाइलवर निकाल आला होता, पण इंग्रजीत, म्हणून मला विचारायला आली. म्हणाली, काय म्हणालं रे मशीन? मी सांगितलं, मशीनचं काही नसतं, शेवटी माणूस बघतो. ती म्हणाली, बरं, माणूस काय म्हणाला? मी म्हणालो, काही बोलला नाही.

ती माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी माझा निबंध तपासून झाल्यावर, वही परत देण्याआधी पाहायची तशी. मी पंखा वाढवायला उठलो.

तिने पिशवीतली राहिलेली पुस्तकं काढून टीपॉयवर ठेवली. पिशवी उलटी करून झटकली, नीट घडी घातली आणि आत जाऊन माधवीच्या हातात दिली. भाजीला होईल, म्हणाली.